चार खोल्यांचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक-प्रोग्राम आहे. मार्केट यार्डाजवळच्या एका शीतगृहात कोणत्या खोलीला किती थंडी द्यायची, याचे गणित मी करतो.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा. तेव्हा देशात नवी नवी यंत्रे येऊ लागली होती आणि आमच्या शीतगृहातही पहिला संगणक आला होता. मंदाकिनीबाई कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी मला फोरट्रान या भाषेत लिहिले. बटाट्याला किती थंडी सोसते, द्राक्षाला किती, फुलांना किती, हे त्यांनी यार्डात हिंडून विचारून घेतले. पुढे कित्येक वर्षे माझे उत्तर चुकले नाही. मालक आल्यागेल्याला माझे कौतुक सांगत.

मग शीतगृहात नवी यंत्रे बसली. ती चालवणारा प्रोग्राम हडपसरच्या एका कंपनीने सी प्लस प्लस या भाषेत लिहिला. माझे गणित नव्याने लिहायला वेळ नव्हता, म्हणून मलाच त्याला जोडायचे ठरले. ते काम त्या कंपनीतल्या श्रद्धाकडे आले. वर्ध्याहून नोकरीसाठी आलेली ही मुलगी हुशार होती, मन लावून काम करणारी होती.

दोन भाषा जोडायला एक बिल्ड टूल असते. कोणती फाइल कोणत्या भाषेतली आणि काय कशाला जोडायचे, हे त्याला लिहून द्यावे लागते. श्रद्धाने ते दिले. तरी नवा प्रोग्राम मला हाक मारी आणि मी सापडत नसे, कारण माझ्या भाषेत नावाच्या शेवटी एक खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, लागते. तिने ती रेघ लावली आणि जोडणी विनातक्रार पार पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण टूल नावे जुळवते. एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळले का, हे ते पाहत नाही. खोल्यांच्या आकड्यांचा तक्ता मी उभा वाचतो, नवी भाषा तो आडवा लिहिते. श्रद्धाने एकाच खोलीचे आकडे देऊन मला तपासले, आणि एका खोलीत उभे-आडवे सारखेच असते. चारही खोल्यांचा तक्ता देऊन पाहावा, असे तिच्या मनात आले होते. पण कंपनीतल्या तिच्या साहेबांना घाई होती आणि तिने ते राहू दिले.

गौरी-गणपतीच्या तोंडावर मांजरी गावच्या इंदुबाईंनी निशिगंधाच्या पेट्या आणून ठेवल्या. मला आकडे उलटे मिळाले. मी ते निमूट मोजले आणि गोठवलेल्या मटाराची थंडी फुलांच्या खोलीत सोडली. सकाळी फुले काचेसारखी कडक झाली होती. उन्हात नेताच काळी पडली.

साहेबांनी मालकांना सांगितले की जुना प्रोग्राम चुकला. मालकांनी मंदाकिनीबाईंना बोलावले. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. चष्मा सावरत त्या माझी एकेक ओळ वाचत बसल्या. शेजारच्या संगणकावर श्रद्धाने चार खोल्यांचा तक्ता दिला आणि तिला सगळे दिसले. तिने साहेबांना बाजूला नेऊन सांगितले. ते म्हणाले, मालकांचा राग जुन्यावर निघालाच आहे, आपण कशाला बोलायचे.

श्रद्धा परत आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्यासमोर मंदाकिनीबाईंनी फुलांचा जाब विचारायला आलेल्या इंदुबाईंपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, माझ्याच गणितात काही राहिले असेल, मला क्षमा करा. श्रद्धाला मान वर करवेना. इंदुबाई जायला वळल्या, तेव्हा ती उठली.

"काकू, तुमचं गणित बरोबर आहे. जोडताना मी चुकले."

इंदुबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "पोरी, तुला ठावं व्हतं, तर या बाईस्नी हात का जोडू दिलंस?"

श्रद्धा रडू लागली. मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसला. "रडून तक्ता फिरत नाही. तो आधी फिरव," एवढेच त्या म्हणाल्या.

श्रद्धाने तक्ता फिरवला आणि चारही खोल्यांचे आकडे देऊन तपासला. साहेबांनी तिला त्या कामावरून काढले. रविवारी ती मांजरीला जाऊन आली. इंदुबाईंनी चहा दिला, पण आमच्याकडे फुले पुन्हा कधी ठेवली नाहीत.

मित्रांनो, दोघांना जोडून दिले म्हणजे काम संपले असे समजू नका. दोघे एकमेकांचे नीट ऐकतात ना, हेही पाहत जा. आणि ते पाहायचे राहिले, तर निदान दुसऱ्याने हात जोडण्याआधी बोला.