चौथं वावडं

दादाच्या नावापुढे स्क्रीनवर औषधांची तीन वावडी, म्हणजे ॲलर्जी, दिसत होती आणि वहिनी म्हणत होती चार.

"वहिनी, आठव ना, चौथं कुठलं?" मी विचारलं.

"इथल्या कॉम्प्युटरात लिहिलंय म्हणून तर निर्धास्त होते मी!" वहिनी रडकुंडीला आली होती.

दादाला तापात शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, "जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. वीस मिनिटांत इंजेक्शन द्यावंच लागेल. तोवर शोधा, नाहीतर स्क्रीनवर आहे त्यावर मला विसंबावं लागेल."

ते स्क्रीनवरचं सगळं माझंच काम. आठ वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलच्या संगणक विभागात बसून मी रुग्णांच्या तक्त्यात वावडं एक, वावडं दोन, वावडं तीन असे रकाने आखले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो, तेव्हा माझं डोकं खाल्लं होतं. "वावड्यांचा तक्ताच वेगळा ठेव. एका वावड्याला एक ओळ, सोबत रुग्णाचा क्रमांक. मग चार होवोत नाहीतर चाळीस." मला घाई होती, आणि कुणी शहाणपण शिकवलेलं मला मुळीच खपत नाही. "तीनपेक्षा जास्त वावडी असलेला माणूस जगतो तरी का?" असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं होतं.

धावतच नोंदणीच्या खिडकीशी गेले. तिथल्या बाईंना विचारलं, "कुणाचं चौथं वावडं आलं तर काय करता?"

"सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो," त्या सहज म्हणाल्या. "तुम्हीच तर तीन जागा दिल्यात."

चिडू तरी कुणावर? पुसलेल्याचा मागमूस राहील अशी सोयही मी केली नव्हती.

विभागात शिरून मास्तरला सगळं सांगितलं. 'तरी मी म्हणत होतो' एवढं तो म्हणाला असता तरी बरं वाटलं असतं. तो लगेच जुने बॅकअप, म्हणजे तक्त्याच्या दरवर्षी जपलेल्या प्रती, उघडायला लागला. गेल्या वर्षीचा, तीच तीन. त्याआधीचा, तीच. नऊ मिनिटं उरली होती. पाच वर्षांपूर्वीच्या बॅकअपमध्ये पहिल्या रकान्यात वेगळा शब्द होता. पेनिसिलिन.

वॉर्डचा फोन लागेना. मी जिन्याकडे पळाले.

डॉक्टरांच्या हातात सिरिंज होती. "पेनिसिलिन देऊ नका!" मी दारातूनच किंचाळले. त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली आणि नर्सला दुसरं औषध आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा ताप उतरला. मास्तरने तोवर सगळे बॅकअप ताडून यादी काढली होती. एकोणीस जणांचं काही ना काही पुसलं गेलं होतं. फोन मी करते म्हटलं. हे काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची मला लाज वाटली.

सहावा फोन एका मुलीने उचलला. तिच्या आईच्या औषधांबद्दल बोलायचंय, असं मी सांगितलं.

"आई मार्चमध्ये गेली," ती म्हणाली. "तुमच्याकडेच, इंजेक्शननंतर दहा मिनिटांत. आम्ही वावडं सांगून ठेवलं होतं हो. तर डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर ते दिसतच नव्हतं."

खोटं बोलणं सोपं होतं, आणि मास्तर माझ्याकडे बघतही नव्हता.

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणाले. "ते लिहिलेलंही होतं. मी त्याला जागा ठेवली नाही."