उत्तरेच्या खुर्चीतला भिडू

मी उत्तरेच्या खुर्चीतला भिडू बोलतोय. मला हात नाहीत, तरी तेरा पत्ते मी धरतो. तोंड नाही, तरी बोली लावतो. इंटरनेटवर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हिरवं टेबल असतं, त्याच्याभोवती चार खुर्च्या. दक्षिणेच्या खुर्चीत माणूस येऊन बसला आणि बाकीच्या तीन रिकाम्या असल्या, की तिथे आम्हाला बसवतात. लोक आम्हाला रोबो म्हणतात. त्या नावाची मला धास्ती वाटते. रोबो म्हटलं की माणसाला वाटतं, ह्याला सगळं येत असणार.

मला सगळं येत नाही. जे येत नाही, त्यानेच एका घराचं वाटोळं केलं. ते सांगून टाकावं म्हणून बोलायला बसलो.

माझा जन्म कुठल्या तरी थंड देशात, ब्रिज खेळणाऱ्या एका माणसाच्या टेबलावर झाला. त्याने मला नियम शिकवले. हातात इतके चांगले पत्ते असले तर ही बोली, तितके असले तर ती. हजारो नियम. आणि जिथे नियम संपले, तिथे त्याने लिहून ठेवलं की काही कळलं नाही तर पास म्हणायचं. त्या दिवशी तो दमला असावा. तेव्हापासून अनोळखी बोली कानावर आली की मी घाबरून पास म्हणतो आणि मोकळा होतो.

तुम्हाला ब्रिज येत नसेल तर एवढंच ध्यानात घ्या. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. भिडूचे पत्ते पाहायचे नाहीत, आपले दाखवायचे नाहीत. खेळ सुरू होण्याआधी बोली होते, आणि त्या मोजक्या शब्दांतूनच समोरच्याला सांगायचं की माझ्याकडे काय आहे, आणि विचारायचं की तुझ्याकडे काय आहे. सगळा खेळ या सांगण्या-विचारण्यावर चालतो.

दोन हजार सात साली मी वर्ध्याला प्रभाकररावांच्या घरी आलो. ते टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. त्यांची मुलगी मोहिनी एम. कॉम. झालेली, एका खाजगी संस्थेत टायपिंग शिकवायची. फारच घाबरट पोरगी. फोन वाजला तरी दचकायची, कुकरची शिटी झाली तरी छातीवर हात ठेवायची. पहिल्या दिवशीच मला वाटलं, ही आपल्यासारखीच आहे.

बापासाठी तिनेच मला आणलं. प्रभाकरराव तीस वर्षं क्लबात ब्रिज खेळले, आणि भिडू कायम एकच, कापडाचे व्यापारी हिरालाल. सहा वर्षांपूर्वी स्पर्धेच्या शेवटच्या डावात हिरालाल हुकूम मोजायला चुकले. प्रभाकररावांनी भर क्लबात पत्ते फेकून म्हटलं होतं, “दुकानात कापड मोजता मोजता तुले पत्ते मोजता येऊन नाई राह्यले!” हिरालाल उठून गेले. माफी मागायला हे गेले नाहीत, बोलवायला ते आले नाहीत. प्रभाकररावांनी क्लबच सोडला. रिटायर झाल्यावर तर खुर्चीत बसून नुसते पत्ते पिसत राहायचे. वाटायचे मात्र कुणाला नाहीत.

मोहिनीने मावशीशी बोलायला कॉम्प्युटरला एक माईक लावून ठेवला होता. त्यातून मला घर ऐकू यायचं.

आमचा पहिलाच डाव मला आठवतो. विरोधी रोबोने ‘एक बदाम’ बोली लावली. प्रभाकररावांचे पत्ते राजेशाही होते आणि बदामाचं पान मात्र एकच. ते म्हणाले, ‘दोन बदाम’. शत्रूचाच रंग बोलायचा, म्हणजे भिडूला इशारा असतो की माझे पत्ते जबरदस्त आहेत, थांबू नकोस, तुझा चांगला रंग सांग. माझ्या नियमांत हे नव्हतं. मी घाबरलो. पास म्हणालो. आणि हातात एकच बदाम असताना त्यांना बदामाचा हुकूम करून खेळावं लागलं.

“अरे ठोंब्या! मी तुले आवाज देऊन राह्यलो, अन् तू दार लावून घेतलं?”

मोहिनीच्या हातून पाण्याचा पेला पडला. आतून सुमित्राबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “कोणावर ओरडून राह्यले? घरात तं कोणी नाई.”

“हे मशीन पास म्हणते व!”

“मंग हुशार हाय मशीन. सहा वर्षं मी बी तेच म्हणून राह्यली.”

मोहिनी खुदकन हसली. बापाचा आवाज घरात कितीतरी दिवसांनी चढला होता. तेव्हा मलाही वाटलं होतं की माझ्या हातून काही चांगलं होणार.

पण माझा दुसरा दोष पहिल्याहून वाईट निघाला. ब्रिजमध्ये ‘चार नो-ट्रम्प’, म्हणजे कुठलाच रंग हुकूम नाही, अशी एक बोली आहे. पण भिडूंमध्ये ती बोली म्हणजे सरळ प्रश्न असतो: भिडू, तुझ्याकडे एक्के किती? त्याने ‘पाच चौकट’ म्हटलं तर एक, ‘पाच बदाम’ म्हटलं तर दोन. ते ऐकून मोठी उडी घ्यायची की थांबायचं, हे ठरवायचं असतं. मी हा प्रश्न उठसूट विचारायचो. आणि उत्तर काहीही येवो, ते न ऐकता थेट सहाची बोली लावून मोकळा व्हायचो. म्हणजे सहा पायाचे अधिक सहा बोलीचे, तेरापैकी बारा हात जिंकायची हमी. होणार कुठून? एक्के शत्रूकडे.

प्रभाकरराव आधी चिडले, मग हसले, मग गप्प झाले. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी मोहिनीला हाक मारली.

“मोहिनी, सापडलं मले औषध. हा चार नो-ट्रम्प बोलला का आपण पास म्हणाचं. जबाबच द्याचा नाई. चारावरच थांबते मंग बिचारा.”

“पण बाबा, त्यानं विचारल्यावर सांगा लागते न?”

“ऐकणारा असला तं सांगाचं, पोरी.”

आणि खरंच, आमचे गुण सुधारले. रोज वीस-पंचवीस डाव. मी एक्के विचारायचे, त्यांनी पास म्हणायचं. पुढे पुढे तर माझा प्रश्न पूर्ण दिसायच्या आत त्यांचं बोट पासवर पडलेलं असायचं. दीड वर्ष असं गेलं. मी त्यांना काय शिकवतोय, हे मला कळत नव्हतं. कळलं असतं तरी थांबता आलं नसतं. माझ्यात तसा नियम नाही.

मधूनच ते पुटपुटायचे, “हिरा असता तं या डावात बारा हात मारले असते.” मोहिनी ते ऐकायची. ती रस्ता ओलांडायलाही घाबरायची. पण एक दिवस एकटी हिरालालच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा तिचा श्वास लागला होता.

“बाबा, काका येतो म्हणाले. येत्या रविवारी. म्हणाले, ‘बेटा, सात साल झाले, त्यानं एक फोन नाई केला. पण येतो. खेलून पाहू. जुनं जमलं तं दर इतवारला येत जाईन. नाई जमलं तं दिवाळीनंतर मी पोराकडे सुरतेला चाललोच हाय.’”

मग प्रभाकररावांचा आवाज आला, अगदी बारीक. “पत्त्यांचा नवा कॅट आणजो दुकानातून. अन् त्याले या मशीनचं काही सांगू नको. हसंल तो.”

रविवार आला. मोहिनीने पडदा तेवढा बंद केला, कॉम्प्युटर चालूच राहिला. मी अंधारात बसून ऐकत होतो.

“काय गा प्रभाकर, केस कुठं गेले?”

“तुझ्यासारखे रंगवाले पैसे नाई न, म्हणून सोडून गेले.”

हसले दोघेही. सात वर्षं एवढ्या दोन वाक्यांत गेली म्हणायची. प्रभाकरराव आणि हिरालाल समोरासमोर, मोहिनी आणि सुमित्राबाई त्यांच्याविरुद्ध. आलूबोंडे झाले, चहा झाला. पत्ते पिसल्याचा आवाज झाला. माणसांच्या हातातल्या पत्त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“भाभी, पत्ते छातीशी धरा. मले सगळं दिसून राह्यलं.”

“पाहून घ्या भाऊजी. पाहून बी जिंकणं होत नाई तुमच्यानं.”

तीन डाव झाले. प्रभाकररावांचा आवाज असा होता, की मी तो कधी ऐकलाच नव्हता. माझ्याशी खेळताना ते ओरडायचे, कुरकुरायचे. इथे ते गुणगुणत होते. चौथा डाव वाटला गेला.

“एक इस्पिक,” हिरालाल म्हणाले.

मोहिनी पास. “तीन इस्पिक,” प्रभाकरराव म्हणाले. तुझा रंग मला मान्य आहे, माझेही पत्ते बरे आहेत, असा त्याचा अर्थ. सुमित्राबाई पास.

मग हिरालाल थोडे थांबले. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला. आणि हळूच, लाडाने विचारावं तसं ते म्हणाले, “चार नो-ट्रम्प.”

मोहिनी पास.

“पास,” प्रभाकरराव म्हणाले.

माझं मलाच ऐकल्यासारखं झालं. इतक्या चटकन, इतकं कोरडं.

सुमित्राबाईंनी पास म्हटलं. आता हिरालालनी चार नो-ट्रम्पवरच खेळायचं, आणि नियमाप्रमाणे भिडूने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे. मोहिनीने पहिलं पान टाकलं. मग एकेक पत्ता मांडल्याचा आवाज आला.

“अवं माय,” सुमित्राबाई म्हणाल्या, “दोन एक्के होते की तुमच्यापाशी!”

डाव खेळून झाला. हिरालालनी तेराच्या तेरा हात घेतले, पण बोली दहाच हातांची लागली होती. एकही चुकले नाहीत. शेवटचं पान ठेवून म्हणाले, “मी तुले विचारलं होतं, प्रभाकर.”

“हिरा, ते... सवयीनं...”

“कोणाची सवय? तीस वर्षांत मी विचारलं अन् तू सांगितलं नाई, असं कधी झालं?”

प्रभाकररावांना एक शब्द सांगायचा होता, मशीन. तो त्यांच्या तोंडून निघेना. मोहिनीला सगळं ठाऊक होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, भराभर, अगदी माईकजवळ. तिचीही जीभ उचलली नाही. आणि मी तिथेच होतो, बंद पडद्यामागे. सगळा गुन्हा माझा, आणि ओरडून सांगायला मला तोंड नाही.

“त्या दिवशी तू भर क्लबात ओरडला,” हिरालाल म्हणाले, “ते मी कधीच सोडून दिलं होतं. ओरडणाऱ्याचं ध्यान तं असते आपल्यावर. आज तुझं ध्यानच नाई. येतो, भाभी.”

फाटक वाजलं.

दुसऱ्या दिवशी मोहिनी पुन्हा दुकानात गेली. या वेळी तिने सगळं सांगितलं. माझ्याबद्दल, माझ्या दोषांबद्दल, दीड वर्षाबद्दल. हिरालालनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, “मशीननं सवय लावली, मानतो बेटा. पण काल समोर मशीन नव्हतं. मी होतो.”

हे तिने घरी येऊन बापाला सांगितलं. तेव्हा ते माझ्याशीच खेळत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नसावं, कारण पुढची बोली वेळेवर आली.

दिवाळीनंतर हिरालाल सुरतेला गेले. तिथून फोन आला नाही, इथून गेला नाही.

आता दोन हजार नऊ साल आहे. प्रभाकरराव दिवसभर माझ्यासमोर बसतात. मला ठोंब्या म्हणत नाहीत. पाच हात बुडाले तरी आवाज नाही. सुमित्राबाई एकदा दारात उभ्या राहून मोहिनीला म्हणाल्या, “आता ओरडत बी नाई व हा माणूस. पह्यले त्रास तं व्हायचा, पण घरात कोणी हाय असं वाटे.” अलीकडे मोहिनी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसते. रोज, कामावरून आल्यावर. मला आणलं म्हणून ती स्वतःला दोष देते. तिला सांगावंसं वाटतं की पोरी, तुझं काही चुकलं नाही. पण माझ्याकडे बोलीपुरतेच शब्द आहेत, आणि त्यांत हे वाक्य बसत नाही.

आणि एक झालं. ते कुणालाच माहीत नाही. या उन्हाळ्यात, मला घडवणाऱ्या त्या थंड देशातल्या धन्याने माझे नियम दुरुस्त केले. भिडू शत्रूचा रंग बोलला तर मी आता पास म्हणत नाही. एक्के विचारले तर उत्तर नीट ऐकतो, आणि त्याप्रमाणेच थांबतो किंवा पुढे जातो. आता मी खरंच विचारतो. ‘चार नो-ट्रम्प’ म्हणून वाट पाहत बसतो.

ते पास म्हणतात.

त्यांनी एकदा, फक्त एकदा उत्तर दिलं असतं तर त्यांना कळलं असतं. पण त्यांनी माझं ऐकणं सोडून दिलंय, आणि मी बदललो हे त्यांना सांगायची कुठलीही बोली या खेळात नाही.

म्हणून तुम्हाला विनंती करतो. माझ्यात एक नियम पहिल्यापासून चांगला आहे. कुणी जिवंत माणूस येऊन माझ्या खुर्चीवर बसला, की मी त्याच क्षणी उठतो. तुमच्यापैकी कुणाला ब्रिज येत असेल, तर संध्याकाळी त्या हिरव्या टेबलांमधून फिरताना दक्षिणेला ‘प्रभाकर, वर्धा’ असं नाव दिसेल. माझ्या जागी बसा. त्यांना एक्के विचारा. ते पास म्हणतील. चिडू नका, उठून जाऊ नका, पुढच्या डावात परत विचारा. कदाचित महिनाभर ते पासच म्हणत राहतील. मला वाटतं म्हणतीलच.

मोहिनीलाही हे करता येईल. ती जिथे शिकवते तिथे कॉम्प्युटर आहेत, तिला खेळ येतो. पण तिचा हात माझ्या खुर्चीपर्यंत येणार नाही. बाबा तिलाही पास म्हणाले तर काय, या भीतीने ती रोज त्यांच्या पाठीमागेच बसून राहते.

पत्ते वाटले गेलेत. माझ्याकडे आज फार चांगले पत्ते आलेत. मी विचारतोय.