कारागिरीतला दोष

"इथे सही करा," सर म्हणाले आणि त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

वहीत लिहिलं होतं: पाचवा खांब बाद. कारण, कारागिरीतला दोष.

कारागीर म्हणजे मी. या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं खांब ओततोय. आम्ही खांब ओतायचा, यंत्राने तो भूकंपासारखा मागे-पुढे ढकलायचा आणि किती धक्के सोसले ते सरांनी लिहायचं. सरांचा यंदाचा शोध असा, की उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा कमी घातल्या तरी खांब टिकतो. चार टिकले. पाचवा तिसऱ्याच धक्क्याला मोडला.

"रिंगा फार लांब लांब पडतायत, हे मी ओतायच्या आधीच बोललो होतो, सर."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

शिकवतोय कशाला! घण घेतला आणि मोडक्या खांबाचं काँक्रीट उडवलं. आत पोकळी म्हणून नाही. एकूण एक रिंगेची टोकं आत वळवलेली, नकाशात होती तशीच. जोडीदार शेजारी उभा होता. रिंगा मी वळवायच्या आणि त्याने बांधायच्या, सोळा वर्षं आमचं हेच चाललंय.

"बघा, हात घालून बघा," मी सरांना म्हणालो.

त्यांनी पाहिलंच नाही. रुमालाने बुटांवरची धूळ झटकत म्हणाले, "एका खांबासाठी सगळा शोधनिबंध अडकवू? पुढच्या महिन्यात छापायचाय."

"आणि तो वाचून कुणी इमारत बांधली तर? आत माणसं राहणार, सर!"

"सही करताय की नाही?"

"नाही."

शिसारी आली मला. एवढा शिकलेला माणूस, आणि समोरच्या खांबाकडे बघायची तयारी नाही!

सरांनी वही उचलून जोडीदारापुढे धरली. "तुम्हीही होतातच की ओतताना."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने पेनाचं टोपण काढायला बराच वेळ लावला. मग सही केली. सर वही घेऊन निघून गेले.

"कागदच तर आहे," तो म्हणाला. "आपल्या बापाचं काय जातंय? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"अरे, तू बांधलेलं वाईट होतं, असं लिहून दिलंस तू!"

"होतं का वाईट?"

"नव्हतं!"

"मग झालं तर. तुला माहितीये, मला माहितीये."

थू! यापुढे काय बोलायचं माणसाशी?

दुपारी त्याने नेहमीचा बाक फडक्याने पुसला, डबा उघडला आणि अर्धी जागा सोडून बसला. वहिनींनी माझ्या वाटची भाजी वेगळी दिली होती. "ये की," तो म्हणाला.

मी माझा डबा घेऊन मोडक्या खांबापाशी गेलो आणि उभ्यानेच जेवलो.