सगळी रक्कम माझीच

बँकेत आल्यापासून लेक शिवानंद आपल्याकडे बघत नव्हता, हे केसरबाईला खटकत होतं. मोटारसायकलवर बसवून आणलं, खुर्ची ओढून दिली आणि मोबाइलात तोंड खुपसून बसला. असा मान खाली घालून तो लहानपणी बसायचा, काही फोडलं-सांडलं की.

सात रस्ता चौकात फुटपाथवर ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. तिथल्या विक्रेत्यांच्या ओळीत क्यूआर कोड तिचा एकटीचाच. शेजारच्या शिवबाईचं फुलांचं गिऱ्हाईकही त्यावरच पैसे टाकायचं. दोन महिने शिवबाईनं ते उचलले नव्हते. लेकीच्या नर्सिंगच्या फीला होतील, तुझ्याकडंच राहू दे म्हणाली होती. केसरबाईला या विश्वासाचा कोण अभिमान.

मग फुलं घेताना कुणीतरी फसवणुकीचे पैसे त्या कोडवर टाकले आणि बँकेनं खातंच गोठवलं.

साहेबानं शिवानंदनं लिहून आणलेला कागद पुढे सरकवला. सही तेवढी तिला येत होती. तरी ती म्हणाली, आधी वाचून दाखवा. साहेबानं वाचलं. खात्यातली सगळी रक्कम माझ्याच धंद्याची आहे.

"कर की सही," शिवानंद पुटपुटला. "दोन दिसांत खातं सुटंल. शिवबाईला मागनं देऊ."

"आन् मी मदीच मेले तर? कागद म्हनंल, पैसा केसरबाईचा."

तिनं साहेबाला फुलं, फी, सगळं सांगून टाकलं. साहेबानं पेन खाली ठेवलं. दुसऱ्याच्या धंद्याचे पैसे असे आपल्या खात्यावर घेता येत नाहीत, त्याला लेखी करार लागतो, परवानगी लागते, म्हणाला. आता चौकशी होणार, तोवर खातं बंद. किती दिवस, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

फीची मुदत उद्याची होती.

परत येऊन तिनं शिवबाईला सांगितलं. शिवबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली, गजऱ्यांवर पाणी शिंपडलं आणि टोपली उचलून रस्त्यापलीकडे जाऊन बसली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच केसरबाईच्या शेजारची फरशी उघडी पडली. नुसती ओली.

खरं बोलून काय मिळालं, शिवानंदनं विचारलं.

केसरबाई नखानं क्यूआरचा कागद खरवडत होती. हात थांबवून तिनं त्याच्याकडे बघितलं.

"कायद्याला मी चुकले, त्याचं मी भोगीन. पर तू मला चोर करून सोडवाय निघाला हुतास, शिवा."