जाळीमागची भाषा

तुमच्या हातात बेसबॉलचा चेंडू आहे, असं समजा. त्याची लाल शिवण बोटांना लागते आहे. ऊन असं, की टोपीतला घाम डोळ्यांत उतरतोय. समोर बॅट उगारून एक मुलगा उभा आहे. त्याच्यामागे, तुम्ही टाकलेला चेंडू झेलायला, तुमचा कॅचर उकिडवा बसलाय. आणि मैदानाच्या तारेच्या जाळीला तोंडं चिकटवून मोठी माणसं तुमच्याबद्दल बोलताहेत. ती एका निराळ्याच भाषेत बोलतात, पण तुम्हाला ती कळते. जमलं? मग आता तुम्ही नेरेइदा झालात.

नेरेइदाला ही भाषा तिच्या वास्करमामाने शिकवली होती. सान पेद्रो शहराच्या बाहेर, उसाच्या मळ्यांपाशी त्यांची वस्ती. शाळा सुटली की मामा तिला मोटरसायकलवर बसवून बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी न्यायचा, चिंचेचा गोळा घेऊन द्यायचा आणि एकेक शब्द समजावून सांगायचा. जिंकेल असं सगळ्यांना वाटतं, तो संघ ‘नर’. हरेल असं वाटतं, ती ‘मादी’.

“मादीच का हरणार?” नेरेइदाने विचारलं होतं.

“मी ठेवलीत का नावं? बाप-आजोबांपासून म्हणतात.”

पहिल्याच डावात धाव निघणार अशी पैज लावणारा ‘होय’ म्हणतो, निघणार नाही म्हणणारा ‘नाही’. पुढे सामना कुणीही जिंको, होय-नाहीचा निकाल पहिल्या डावातच लागतो. आणि बाहेर कुणालाच ठाऊक नसलेली आतली बातमी म्हणजे ‘दातो’.

नेरेइदाला हे सगळं फार आवडायचं. टीव्हीवर सामना लागला की मामाच्या आधी तीच नर कोण, मादी कोण ते सांगायची. मामा लोकांना म्हणायचा, “भाची कुणाची आहे!”

गोळा खाता खाता मामा तिच्या संघाचीही चौकशी करायचा. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाला ताप येऊन गेला, कुणाच्या घरी भांडणं चालली आहेत. इतकं आवडीने विचारणारं मोठं माणूस तिला दुसरं माहीत नव्हतं. त्यामुळे ती भडाभडा सांगायची. एकदा तिने फ्रान्येलचंही सांगितलं. फ्रान्येल तिचा कॅचर आणि शेजारी. त्याला डाव्या डोळ्याने अंधूक दिसायचं. कोचला कळलं तर तो बाहेर बसवेल, म्हणून त्याने हे फक्त नेरेइदाला सांगितलं होतं. ती चेंडू नेहमी त्याच्या उजवीकडेच टाकायची.

“कुणाला बोलू नकोस हं, मामा.”

“माझ्या पोटात राहील.”

शनिवारी साखर कारखान्याच्या मुलांशी सामना होता. सुरू होण्याआधी नेरेइदा बाटली भरायला जाळीजवळच्या नळापाशी गेली. जाळीपलीकडे पैजा घेणारा फेलो खुर्चीत पसरून डुकराची तळलेली कातडी चावत होता. हनुवटीवरून तेल ओघळत होतं. भोवती चारपाच जण उभे होते.

“आज मादी कोण?”

“ज्यात पोरगी आहे तो संघ. विचारायचं काय त्यात?”

सगळे खिंकाळले.

“त्यांच्यातला तो किडमिड्या पोरगा बघ. मांडीला मांस नाही. कोंबडा असता तर रश्शातसुद्धा घातला नसता कुणी.”

“आणि होय-नाही?”

“होय. त्यांचा कॅचर काणा आहे. चेंडू डावीकडे गेला की आंधळी कोशिंबीर.”

“दातो पक्का?”

“घरातला आहे,” फेलो म्हणाला आणि बोटं चाटली.

नळाचं पाणी नेरेइदाच्या बुटांवर सांडत राहिलं. इतके दिवस चिंचेच्या गोडीबरोबर जे तिने आपल्या हाताने दिलं, ते आता या माणसांच्या तेलकट तोंडात होतं आणि सगळे ते चघळत होते.

तेवढ्यात मामाचा हात खांद्यावर पडला. त्याच्या तोंडाला रमचा वास येत होता.

“नेरे, एक काम कर बाळा. पहिल्या डावात त्यांचा एखादा पोरगा तिसऱ्या बेसवर आला ना, की एक चेंडू फ्रान्येलच्या डावीकडे टाक. खाली. त्याच्याकडून सुटला की पोरगा धावत होम बेसवर, एक धाव. मग खुशाल जिंका. मी काय हरायला सांगतोय का?”

“तू सांगितलंस यांना.”

“फुकट नाही सांगितलं. दातोला मोल असतं. हा नवा ग्लोव्ह कुठून आला असं वाटलं तुला?”

तिने हातातल्या ग्लोव्हकडे पाहिलं. त्याच्या आत आपली बोटं आहेत याचीच तिला शिसारी आली. पण दुसरा ग्लोव्ह नव्हता आणि पंच हाक मारत होते.

पहिल्या डावात कारखान्याचे दोघे बाद झाले. तिसऱ्याने लांब फटका मारला आणि धूळ उडवत तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. जाळी हलायला लागली. “होय! होय! होय!” मोठे बापये पाळण्यातल्या पोरांसारखे तारा धरून उड्या मारत होते. त्यांच्या मधोमध मामा उभा होता. त्याने तिच्या नजरेला नजर दिली, आपल्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि हसला.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? चेंडू उजवीकडे टाकला असता, ना? टाकता आला असताच. फ्रान्येलला काही कळलंही नसतं.

नेरेइदाने हात वर केला, पंचांकडे थोडा वेळ मागितला आणि चालत फ्रान्येलपाशी गेली.

“मास्क वर कर.”

“का? काय झालं?”

“तुझ्या डोळ्याचं मी मामाला सांगितलं. त्याने या सगळ्यांना विकलं. आता त्यावर पैजा लागल्यात. मामा म्हणतोय, डावीकडे टाक.”

फ्रान्येलने जाळीकडे पाहिलं. नीट दिसावं म्हणून त्याला मान वळवावी लागली.

“टाकणार आहेस?”

“नाही.”

“मग गप टाकायचास उजवीकडे. मला कशाला सांगत बसलीस?”

“त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा.”

तो गुडघ्यावरची माती झटकत राहिला.

“कोचला मी सांगेन,” तो शेवटी म्हणाला. “माझं मी. तू आता कुणाला काही सांगू नकोस.”

“नाही सांगणार.”

“आधीही हेच म्हणाली होतीस.”

त्याने मास्क खाली ओढला, उकिडवा बसला आणि ग्लोव्ह उजवीकडे धरला.

“काय बाई, कॉफी पिऊन झाली का?” फेलो ओरडला.

नेरेइदा आपल्या जागी परतली. तिने जाळीकडे पाहिलं नाही. लाल शिवणीवर बोटं रुतवली, पाय उचलला आणि चेंडू टाकला. उजवीकडे, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून.