चार्जरच्या नाकावरचं कुंकू

माझा आवाज बारीक वाटला तर रागावू नका. जोर कमी करणं हेच माझं काम आहे. मी गाडीतला चार्जर बोलतोय.

पूर्वी लोक ज्या खोबणीत सिगारेट पेटवायचे, तिथे मी बसतो. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन सुरू झालं की तो आकडा चौदावर जातो, आणि चावी फिरवताच क्षणभर धाडकन खाली येतो. असा तिचा तापट स्वभाव. पण मोबाइलसारख्या नाजूक मंडळींना लागतात फक्त पाच. ती कितीही चढो-उतरो, मी पुढे पाचच देतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी म्हैसूरच्या एका दुकानात आलो आणि सुगंधी डब्या आणि डोलणारे गणपती यांच्यामध्ये लटकत राहिलो. मला विकत घेतलं कुवेंपुनगरच्या निशांतने. हा पुण्याहून नोकरीसाठी आलेला. घरी रात्री फोन चार्जिंगला लावायला विसरायचा आणि गाडीत बसला की ओरडायचा, "अरे, तीनच टक्के!" माणसांना माझी आठवण तीन टक्क्यांवरच होते.

पुढे त्याने नवी गाडी घेतली. जुनी व्हॅन कित्येक महिने उभी होती आणि मी डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या पावत्यांखाली. वाटलं, संपलं आपलं.

मग व्हॅन सहानाने घेतली, आणि तिच्याबरोबर मीही गेलो.

सहानाचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचं. ती परदेशात कानांच्या तपासणीचं शिकून परत आली होती. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांतच कळायला हवं की त्याला ऐकू येतं की नाही, म्हणजे वेळेत उपाय करता येतो. आया शहरात येऊ शकत नसतील तर तपासणीने त्यांच्या दारी जायचं, हा तिचा हट्ट. तिच्या छोट्या यंत्राला लागायचे बरोबर पाच व्होल्ट. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण कशासाठी तरी आहोत.

सोबतीला तिची अंबुआत्या असायची. रडणारी बाळं तिच्या मांडीवर दोन मिनिटांत झोपत.

आयुधपूजेला आत्याने पणजोबांची तलवार मांडली. शेजारी सहानाचं यंत्र, पॉवर बँक, आणि मी. सगळ्यांना गंध आणि कुंकू लागलं. मला तिने ते बरोबर नाकाच्या टोकावर लावलं. तलवारीच्या शेजारी बसून मी काय मिरवलो म्हणून सांगू!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कृष्णराजनगरजवळच्या एका गावात गेलो. कालव्याकाठी, भाताच्या शेतांजवळ व्हॅन उभी केली. आत गावातली नागरत्ना बसली होती, मांडीवर झोपलेली तिची तान्ही पावनी. दवाखान्यातल्या पहिल्या तपासणीत पावनीचा एक कान पास झाला नव्हता. पुन्हा तपासा, असं सांगितलं होतं. घरी ताट पडलं तरी ती दचकत नाही, असं सासू म्हणे. तेव्हापासून नागरत्नाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सहानाने बाळाच्या कपाळाला नि कानामागे छोट्या पट्ट्या चिकटवल्या. कानाला ऐकू येतंय असं दिसलं की यंत्रावर हिरवा दिवा लागतो. बाळ झोपेत हवं आणि आजूबाजूला शांतता हवी, म्हणून इंजिन बंद. यंत्राची स्वतःची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. सगळी मदार माझ्यावर.

तपासणी निम्म्यावर आली आणि यंत्र विझलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा विझलं.

"पॉवर बँक कुठंय, आत्या?"

"देवापाशीच राहिली गं."

"अय्यो!"

"एवढ्या थंडीच्या देशात शिकून आलीस, आणि एका वायरीला हरतेस काय?"

"स्वल्प सुम्ने इरी ना, आत्या! जरा गप्प बसा!"

नागरत्ना कन्नडमध्ये पुटपुटली, "मशीनलाच ऐकू येत नाही, तर माझ्या लेकराला काय येणार?"

पावनीने हात हलवला, ओठ चोखले. ती उठली असती तर आणखी कितीतरी दिवस त्या आईने असेच काढले असते. मी बॅटरीकडे नाक खुपसत होतो, पण वीज येई आणि जाई. माझा दिवा लुकलुकला, आणि तेवढं सहानाने पाहिलं. तिने मला खस्सकन बाहेर ओढलं.

"आत्या! याच्या नाकाला कुंकू!"

"मग? सगळ्या आयुधांना लावलं. यालाच तेवढं सोडू?"

ओलं कुंकू वाळून त्याचा थर झाला होता. वीज जिथून माझ्यात शिरते, नेमकं तिथेच. आत्याने आधी मला नमस्कार केला, मग नखाने खरवडून पदराने पुसलं. "माफ कर रे बाबा," म्हणाली.

मी पुन्हा खोबणीत बसलो. या वेळी दिवा हलला नाही. एक कान झाला. हिरवा. मग दुसरा, दवाखान्यात पास न झालेला. नागरत्नाने डोळे मिटून घेतले होते. मी पाच देत राहिलो, फक्त पाच.

हिरवा.

"केळिसुत्ते, नागरत्ना!" सहानाचा आवाज फाटला. "ऐकू येतं तिला! दोन्ही कानांनी!"

नागरत्ना पदरात तोंड लपवून रडली. आत्या म्हणाली, "झोपाळू आहे नुसती. बापावर गेली असेल."

निघताना सहानाने चावी फिरवली. इंजिन धडधडलं, आणि पावनीने दचकून असं भोकाड पसरलं की कालव्यावरचे बगळे उडाले. तिच्या रडण्यावर तिची आई पोटभर हसत होती.

आता माझ्या अंगावर चरे आहेत, एक स्प्रिंग सैल झाली आहे. तरी मी रोज गावोगाव जातो. मागणं एकच. पुढच्या आयुधपूजेलाही मला तलवारीशेजारी बसवा, कुंकू खुशाल लावा. पण आत्या, गालावर लावा. नाक तेवढं मोकळं राहू द्या. कुठेतरी एखादी आई डोळे मिटून बसलेली असेल.