उलटा तळहात

सकाळपासून बिट्टीच्या आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. टॉवेल पिशवीत भरला, काढला, परत भरला. पोरगी सात वर्षांची, समज मात्र जेमतेम तिनाची. पाणी दिसलं की सुसाट सुटायची. दोन महिन्यांपूर्वी घरामागच्या कालव्यात पडली. आजोबांनी वेळेवर ओढून काढलं म्हणून, नाहीतर... ते वाक्य त्या घरात कोणी पुरं करत नाही.

तेव्हापासून पोहण्याच्या तलावावर शिकवणी सुरू झाली. अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई तोंडाने फटकळ, पण जीव लावणाऱ्या. हातपाय मारणं त्यांनी बाजूलाच ठेवलं होतं. पाण्यात पडलं की आधी उताणं व्हायचं, श्वास घ्यायचा, मग कठडा धरायचा. आज त्याचीच परीक्षा होती, तीही अंगातल्या कपड्यांनिशी.

बाई पाण्यात, हाताच्या अंतरावर उभ्या. त्यांनी बिट्टीला काठावरून अलगद आत ओढलं. ती गडप झाली, वर आली, बाकावरच्या आईकडे बघितलं आणि झटकन उताणी झाली. आईने हुश्श केलं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं, पण या वेळी बाईंचं अर्धं लक्ष बाकाकडे होतं.

"बिट्टीच्या आई, हाताने काय करताय?"

"मी कुठे काय करतेय?"

"तळहात उलटा करताय. दोन्ही वेळा केलात."

आईने आपल्या हाताकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. घरी रोज पलंगावर तिने हेच तर करून घेतलं होतं. आईचा तळहात उलटा झाला की पोरीने पाठीवर व्हायचं. इतकं अंगवळणी पडलं होतं, की हात आपोआप फिरत होता.

"म्हणजे तिला तुमचा हात कळतो, पाणी नाही," बाई म्हणाल्या. "कालव्यावर कोण हात दाखवणार?"

"मी तिला नजरेआड करतच नाही."

"त्या दिवशी?"

त्या दिवशी ती फक्त गॅस बंद करायला आत गेली होती. बोलणं जिव्हारी लागलं. बाईंचा असा राग आला की पोरीला उचलून सरळ घरी न्यावं. पण बाईंनी दाराकडे बोट दाखवलं आणि ती मुकाट्याने बाहेर गेली.

बाहेरच्या बोळात तिने चार फेऱ्या मारल्या. आत धपकन आवाज झाला. मग काहीच नाही. पोरगी रडली असती तरी बरं वाटलं असतं. नऊपर्यंत मोजलं आणि राहवेना, तिने दार ढकललं.

बिट्टी उताणी तरंगत होती. नाकातोंडात पाणी गेलेलं, ठसका लागलेला, पण तोंड वर. बाईंनी हात पाठीमागे बांधून घेतले होते.

"आधी रिकामा बाक बघितला," त्या हळूच म्हणाल्या. "बुडाली. मग आपली आपणच फिरली."

बिट्टीने चाचपडत कठडा धरला. मान वर केली, पण आईकडे बघितलंच नाही. जे व्हावं म्हणून नवस करायचा बाकी होता तेच झालं होतं, आणि तरी आईचे डोळे भरून आले. तिने पदराने डोळे पुसले.

"आणखी एकदा घ्या," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन दार स्वतःच ओढून घेतलं.